फिरते क्ष-किरण यंत्र आणि थांब्याचा प्रश्न

शरीर न फाडता शरीराच्या आत पाहण्याची सोय माणसाला मिळाली त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत विल्हेल्म राँटजेनला हे किरण सापडले आणि काही महिन्यांतच जगभरची इस्पितळे त्यांचा उपयोग करू लागली. तेव्हापासून एक वाद चालू आहे. रोग्याने यंत्राकडे जायचे, की यंत्राने रोग्याकडे यायचे? हा प्रश्न अभियंत्यांचा आहे असे सामान्यतः मानले जाते. मी तीस वर्षे मुंबईतल्या एका इस्पितळाच्या क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ म्हणून काढली आणि निवृत्तीनंतर मुरुडला राहतो. माझ्या मते हा प्रश्न अर्धाच अभियंत्यांचा आहे. उरलेला अर्धा यंत्र कोठे थांबते, कोणत्या वेळी थांबते आणि त्याच्यासमोर निःसंकोच उभे राहणे कोणाला शक्य होते, यात आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी या दुसऱ्या अर्ध्याकडे पाहावे म्हणून हा लेख.

मुरुड म्हणजे दापोली तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे गाव म्हणून ते पुस्तकांतून ठाऊक असते. परीक्षा देण्यासाठी कर्वे मुलगा असताना येथून साताऱ्यापर्यंत घाटवाटांनी पायी गेले, आणि तेथल्या अधिकाऱ्याने चेहरा पाहून वय कमी दिसते म्हणत परत पाठवले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. (याच कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केले तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला, हे मात्र सत्काराच्या भाषणांत लवकर आटोपतात.) आज दापोली एस.टी.ने दहा-बारा किलोमीटर आहे आणि तेथे उपजिल्हा रुग्णालय आहे. जिल्ह्याचे ठिकाण रत्नागिरी शंभराहून अधिक किलोमीटर. नकाशावर हे काही भयंकर अंतर नाही. पण ज्याचा रोज बुडतो त्याच्यासाठी दहा किलोमीटर म्हणजे एक दिवसाची मजुरी, जाण्यायेण्याचे भाडे आणि सोबत येणाऱ्या माणसाचीही मजुरी. एका छातीच्या फोटोची ही खरी किंमत, मग फोटो फुकट का काढलेला असेना.

यंत्र चाकांवर ठेवण्याची कल्पना युद्धातून आली. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा मेरी क्युरीने मोटारगाड्यांत क्ष-किरणाची नळी, फोटोच्या काचा आणि मोटारीच्या इंजिनावर चालणारा डायनामो बसवून त्या आघाडीवर नेल्या. अशा सुमारे वीस गाड्या तिने उभ्या केल्या आणि त्या चालवण्यासाठी सुमारे दीडशे स्त्रियांना शिकवून तयार केले. वीज जेथे नाही तेथे गाडीनेच वीज करायची, आणि डॉक्टर जेथे नाही तेथे चार-सहा आठवड्यांत शिकलेल्या माणसाने यंत्र चालवायचे, ही दोन्ही तत्त्वे त्या गाड्यांत होती. पुढे १९३६ च्या सुमारास ब्राझीलमध्ये मानोएल द आब्रेऊने छातीचा फोटो लहान फिल्मवर घेण्याची पद्धत काढली. एका फिल्मचा खर्च एकदम उतरला आणि हजारो माणसे तपासणे शक्य झाले.

आपल्याकडे याचा मोठा उपयोग झाला तो क्षयरोगाच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत. १९५५ ते १९५८ या काळात क्ष-किरणाच्या फिरत्या गाड्या देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या खेड्यांत गेल्या. तोपर्यंत क्षय हा शहरातल्या कोंदट चाळींचा रोग, खेड्यात हवा चांगली, असा सुशिक्षितांचा समज होता. गाड्या परत आल्या त्या हा समज खोटा ठरवूनच. क्षयाचे प्रमाण खेड्यात शहराइतकेच निघाले. आम्हा कोकणच्या लोकांना हे नवीन नव्हते. गिरणगावात खोकला लागलेला माणूस अखेरीस गावीच येत असे, आणि १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर तर असे किती परतले त्याची मोजदाद कोणी केली! गिरण्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. धोट्यात सूत ओढून घ्यायला ते तोंडाने शोषावे लागे, त्यामुळे बाटेल म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला होता. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागण्यात रोग पसरण्याचा धोका होता, त्याची फिकीर नव्हती. फिकीर होती ती जातीची.

पाहणीचा निष्कर्ष एवढा स्पष्ट असूनही क्ष-किरण खेड्यात राहिला नाही. १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला तेव्हा खेड्यासाठी बेडक्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी हेच मुख्य साधन ठरले. तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. सूक्ष्मदर्शक स्वस्त, वीज नसली तरी आरशावर चालणारा, आणि ज्याच्या थुंकीत जंतू आहेत तोच रोग जास्त पसरवतो. पण २०१९ ते २०२१ या काळात देशभर पुन्हा पाहणी झाली, पुन्हा क्ष-किरणाच्या गाड्या फिरल्या, आणि तिच्या अहवालाने सांगितले की छातीचा फोटो काढला नसता तर सापडलेल्या रोग्यांपैकी ४२.६ टक्के निसटले असते. म्हणजे दहांतले चार. त्यांना खोकला नव्हता, निदान सांगण्याइतका नव्हता. खोकला नाही म्हणून ते कोणत्याही दवाखान्याच्या दारात गेले नसते. यंत्र त्यांच्याकडे गेले म्हणून ते सापडले.

आता यंत्राकडे वळू. क्ष-किरण निर्माण करायला साठ हजारांपासून सव्वा लाख व्होल्टपर्यंत दाब लागतो. तो क्षणभरच लागतो, पण त्या क्षणी वीज भरपूर ओढली जाते. कोकणातल्या वाडीवर जी वीज येते तिच्यात संध्याकाळी दिवा तांबडा होतो. तिच्यावर मोठे यंत्र चालवायचे तर फोटोचा वेळ वाढवावा लागतो आणि तेवढ्यात रोग्याने श्वास सोडला की फोटो पुसट होतो. यावरचा उपाय समजायला सोपा आहे. उन्हाळ्यात झऱ्याला धार बारीक असते. आपण तिच्याखाली रांजण ठेवतो, तो रात्रभर भरतो आणि सकाळी एकदम उपसता येतो. बॅटरी हा तो रांजण. साध्या जोडणीवरून ती हळूहळू भरायची आणि फोटोच्या क्षणी तिच्यातून हवी तेवढी शक्ती काढायची. जागतिक आरोग्य संघटनेने १९७० नंतरच्या दशकात खेड्यातल्या इस्पितळांसाठी जे प्राथमिक क्ष-किरण यंत्र आखले, त्याच्या मुळाशी हीच कल्पना होती.

दुसरी अडचण डार्करूमची. आमच्या उमेदीत फिल्म धुवायला अंधारी खोली, स्वच्छ पाणी, डेव्हलपर, हायपो आणि साधारण वीस अंश तापमान एवढे लागे. मे महिन्यात टाकीतले पाणी तापले की फिल्म काळी पडे. बर्फाची लादी फोडून बादलीभोवती रचायचे काम मी स्वतः केले आहे. ज्या गावात प्यायला पाणी दोन मैलांवरून आणतात तेथे फिल्म धुवायला पाणी मागायचे, हे लाजिरवाणेच. आता फिल्मच्या जागी पाटी आली, पाटीवर पडलेली छाया काही सेकंदांत पडद्यावर दिसते, आणि पाणी व अंधार या दोहोंतून सुटका झाली. यंत्रही आता साडेतीन किलोच्या आसपास वजनाचे, हातात धरण्याजोगे झाले आहे. एकदा बॅटरी भरली की शंभरेक फोटो निघतात. ७ डिसेंबर २०२४ रोजी क्षयरोगाची शंभर दिवसांची देशव्यापी मोहीम सुरू झाली, तिच्यात अशी यंत्रे वापरली गेली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरचे खांब आडवे झाले आणि कितीतरी गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. तेव्हापासून मी विजेच्या तारेवर अवलंबून असलेल्या कोणत्याही सोयीला सोय म्हणायला कचरतो. बॅटरी आणि ती भरायला सूर्यशक्तीची पाटी, एवढे हवेच.

सिटी स्कॅनच्या गाड्या असतात, आणि कमी शक्तीच्या चुंबकावर चालणारे, खाटेपाशी ढकलत नेता येणारे एम.आर.आय. यंत्रही परदेशात २०२० पासून मान्य झाले आहे. आपल्या तालुक्यात ती येतील तेव्हा त्यांचा विचार करू.

गाडी मात्र विचार करण्याजोगी आहे, कारण शिबिरासाठी जी येते ती बहुधा बसएवढी असते. मुरुडची वस्ती नारळी-पोफळीच्या बागांत आहे. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे आणि मध्ये एक बैलगाडी जाईल एवढा रस्ता. डोंगराकडच्या वाड्यांना तर पाखाडीच. आजही आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणतात. तेव्हा बस हमरस्त्यावर थांबते. तिचा तळ जमिनीपासून तीन फूट वर, चढायला लोखंडी शिडी. गुडघे सुजलेली म्हातारी ती शिडी पाहूनच परत फिरते. अपंगांसाठी उतार लावू म्हणावे तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे मान्य प्रमाण आहे. तीन फुटांना छत्तीस फूट उतार लागेल, म्हणजे गाडीपेक्षा उतार लांब. काही गाड्यांना यांत्रिक पाळणा असतो, तो बिघडतो. मला वाटते गाडीलाच खोली बनवण्याचा हट्ट सोडावा. गाडी ही पेटी आहे. यंत्र, पाटी, स्टँड, शिशाचा एप्रन आणि पडदा लहान गाडीतून आणावा आणि शाळेच्या पडवीत, समाजमंदिरात किंवा विहारात उतरवावा. जमिनीवर उभे केलेले यंत्र खुर्चीत बसलेल्या माणसाचा फोटो काढू शकते, खाटेवरच्याचाही काढू शकते. शिडी ज्या प्रश्नाला जन्म देते तो प्रश्नच मग उरत नाही.

किरणांची भीती लोकांच्या मनात असते, आणि ती निराधार नाही. पण तिला माप आहे. एका छातीच्या फोटोत शरीराला जेवढे किरण मिळतात तेवढे जमिनीतून, आकाशातून, अन्नातून आपल्याला काही दिवसांत किंवा फार तर पंधरवड्यात एरवीही मिळत असतात. रोज शेकडो फोटो काढणाऱ्या तंत्रज्ञाचा धोका निराळा. त्याच्या छातीवर किरण मोजणारा बिल्ला असलाच पाहिजे. अंतर दुप्पट केले की किरणांचा मारा चौथाईवर येतो, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. म्हणून पडवीत यंत्र मांडताना किरणांच्या दिशेला रांग उभी करू नये, त्या बाजूला मोकळे अंगण किंवा जाड जांभ्याची भिंत असावी. १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याशिवाय असे यंत्र चालवता येत नाही. शिबिर घेणाऱ्या संस्थेकडे परवाना मागण्याचा कार्यकर्त्यांना पूर्ण अधिकार आहे. तो त्यांनी बजावावा.

आता थांब्याचा प्रश्न. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. महाडच्या चवदार तळ्यामुळे आपल्याला त्यातले पाणवठे आठवतात, पण त्या ठरावात विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये आणि कचेऱ्यांबरोबर सार्वजनिक दवाखानेही होते. म्हणजे दवाखान्याचे दार हे तळ्याच्या पायरीइतकेच बंद होते. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत काठेवाडमधल्या एका दलित शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त आले होते. त्याची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता, तिला वस्तीबाहेर आणल्यावरच तो आला. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. दिव्याच्या उजेडात दुरून पाहून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला. बाई मेली. तपासणीचे साधन तेथे होते, फीही दिलेली होती. साधन आणि शरीर यांच्यामध्ये जे अंतर होते, त्यातून ती गेली.

कोणी म्हणेल, हे शंभर वर्षांपूर्वीचे झाले. होय. आज कोणी थर्मामीटर तिसऱ्याच्या हातून देत नाही. पण आमच्या तालुक्यातल्या एका गावात मी गाडी थांबलेली पाहिली ती ग्रामदेवतेच्या देवळासमोर. मोठे पटांगण, सावली, गाडी वळवायला जागा. अभियंत्याच्या दृष्टीने याहून चांगली जागा नाही. कोणालाही मज्जाव नव्हता. दिवसभरात बौद्धवाडीतून दोन माणसे आली, तीही दुपारी, गर्दी ओसरल्यावर. शिमग्याच्या पालखीच्या मानावरून त्या गावात जे काही झालेले होते ते गाडीबरोबर आलेल्या तरुण डॉक्टरला कोणी सांगितले नव्हते, आणि त्याने विचारलेही नव्हते. कोकणात गाव एक असते आणि वाड्या अनेक. बौद्धवाडी, कुणबीवाडी, भंडारवाडी, कोळीवाडा, मोहल्ला. ‘गावात गाडी आली होती’ या वाक्यातले गाव कोणते, हे विचारल्याशिवाय शिबिराचा अहवाल वाचू नये. माझी सूचना साधी आहे. एका गावात दोन थांबे ठेवावेत, आणि पहिला थांबा दरवेळी देवळापाशी नसावा. बौद्धवाडीतल्या विहारात यंत्र मांडले तर इतर वाड्यांतले लोक येतील का? काही येणार नाहीत. तेही नोंदले जावे.

छातीचा फोटो रोग्याला हात न लावताही काढता येतो. ‘हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, रोखा’ एवढे म्हटले की झाले. आणि मी असे न शिवता काढलेले फोटो पाहिले आहेत. खांद्याची हाडे फुप्फुसावर येतात, वरचा भाग झाकला जातो, आणि क्षयाची जागा बहुधा तीच. खांदे हाताने धरून पुढे वळवावेच लागतात. सोनोग्राफीत तर स्पर्शावाचून काहीच होत नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. गळ्यातली पोत, काळा दोरा, ब्लाउजची हुके, जाड वेणी, या सर्वांची सावली फोटोत येते. त्या काढून ठेवायला आडोसा हवा आणि आत बाईच तंत्रज्ञ हवी. मेरी क्युरीने शंभर वर्षांपूर्वी बायका शिकवल्या; आपल्या फिरत्या पथकांत आजही बहुतेक पुरुषच दिसतात. ‘दिवस गेलेत का?’ हा प्रश्न फोटोपूर्वी विचारणे बंधनकारक आहे. तो रांगेत, चारचौघांत विचारला तर कोणती बाई खरे उत्तर देईल?

सोनोग्राफीचे यंत्र आज तळहातावर मावते. मग ते उपकेंद्रातल्या परिचारिकेच्या पिशवीत का नाही? कारण आपण त्या यंत्राने काय केले ते जगजाहीर आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला, आणि तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८९४ मुली उरल्या. २०१२ साली नियम आणखी कडक झाले. सहज हलवता येणारे यंत्र नोंदलेल्या इस्पितळाच्या आवारातच वापरायचे, किंवा इतर आरोग्यसेवा देणाऱ्या नोंदणीकृत फिरत्या पथकात. नुसती सोनोग्राफीची गाडी फिरवता येत नाही. यामुळे वाडीवरच्या गरोदर बाईला तालुक्याला जावे लागते, हे खरे. तरीही नियम सैल करा असे मी म्हणणार नाही. ज्यांनी मुली मारल्या ते पैसेवाले होते आणि त्याची शिक्षा डोंगरावरची बाई भोगते आहे, हा अन्याय आहेच. पण त्यावरचा मार्ग नियमातच आहे. नोंदणीकृत पथक महिन्याच्या ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वाडीत आले पाहिजे.

आणि यंत्र म्हणजेच सेवा, असेही समजू नये. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांवर वीस वर्षे एक अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांची स्तनतपासणी दर दोन वर्षांनी, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने केली. २०२१ साली निष्कर्ष छापले गेले. पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले होते. मॅमोग्राफीची चकचकीत गाडी दारात आली की तिच्यासोबत फोटो काढून घेणाऱ्या पुढाऱ्यांनी हे वाचावे.

फोटो निघाल्यावर तो वाचणार कोण, हा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा. क्ष-किरणतज्ज्ञ शहरात बसतात. आता संगणक फोटो पाहून क्षयाची शंका किती ते सांगतो. पंधरा वर्षांवरच्या माणसांसाठी ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्य केली. पण संगणक शंकाच सांगतो, निदान नव्हे. त्यानंतर बेडक्याची तपासणी हवी, आणि तीही त्याच दिवशी. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते आणि जंतूचा अंश तासाभरात ओळखते. त्याला संघटनेची मान्यता २०२० सालीच मिळाली आहे. म्हणजे एकाच पडवीत, एका टेबलावर फोटो आणि दुसऱ्यावर बेडका, हे अशक्य राहिलेले नाही. दिसत मात्र असे की गाडी फोटो घेऊन जाते आणि परत येत नाही. आमच्या वाडीतल्या एका आजीने याचे वर्णन एका वाक्यात केले: “फोटो काढलान, पण कागद नाय दिलान.” कागद मराठीत हवा, त्यावर पुढे कोठे जायचे ते लिहिलेले हवे, आणि तो रोग्याच्या हातात द्यावा, सरपंचाच्या किंवा शिबिर भरवणाऱ्या पुढाऱ्याच्या हातात नव्हे. क्षयाचे नाव गावात फुटले तर मुलीचे लग्न मोडते.

वेळापत्रकाविषयी थोडे. सकाळी अकरा ते दुपारी तीन ही वेळ ज्याने ठरवली तो कधी मजुरीला गेलेला नसावा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आमची माणसे आंब्याच्या बागेत असतात, पाऊस पडला की लावणीत. संध्याकाळी सहानंतरच घरी सापडतात. हर्णैचे खलाशी बोटीवर असतात. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते तेव्हाच ते सलग घरी. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईचे चाकरमानी येतात, आणि खोकला दडवून आलेले त्यांच्यातच अधिक. तेव्हा मुरुड-हर्णै पट्ट्यासाठी जुलैतल्या दोन संध्याकाळी, शिमग्यातला एक दिवस आणि गणपती विसर्जनानंतरचा एक दिवस, असे किमान चार थांबे ग्रामसभेच्या ठरावात जागेच्या नावासह लिहून घ्यावेत, आणि त्या ठरावाची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या कचेरीत पोच घेऊन द्यावी.